पार्सल करू नका

प्रश्न : मी देवगडचा. टूरिंग बाइकसाठी पुण्याच्या विक्रेत्याकडून ऑनलाइन ₹26,500 ला क्रूझ कंट्रोल (ठरवलेला वेग आपोआप राखणारं यंत्र) घेतला, वॉरंटी एक वर्षाची. कणकवलीच्या गॅरेजमध्ये बसवला. नवव्या महिन्यात मुंबई-गोवा हायवेवर ब्रेक दाबूनही क्रूझ सुटेना, इंजिन बंद करणारा किल स्विच मारून गाडी थांबवली. विक्रेता म्हणतो, खाऱ्या हवेने कनेक्टर (वायरींचा जोड) गंजला, वॉरंटी लागू नाही; जुना परत पाठवा, नवं मॉडेल अर्ध्या किमतीत देतो. घेऊ का?

उत्तर : नका घेऊ, आणि जुना तर मुळीच पाठवू नका. तो गेला की तुमचा एकुलता एक साक्षीदार गेला. वर नव्या मॉडेलचं बिल ‘नवीन खरेदी’ म्हणून फाटेल आणि ‘तक्रार मिटली ना?’ असा मेसेज येईल. त्यावर अंगठ्याची इमोजीसुद्धा टाकू नका.

खाऱ्या हवेचा मुद्दा मात्र हसण्यावारी नेऊ नका. आपल्याकडे सायकलची चेन टिकत नाही, हे ग्राहक आयोगालाही ठाऊक असतं. म्हणून क्रूझ गाडीवर असतानाच दुसऱ्या मेकॅनिकसमोर कनेक्टरचे जवळून फोटो काढा. पिनांवर हिरवा कळंक चढला असेल, तर रबरी टोपी फाटली होती, की धड बसवलीच नव्हती, हे फोटोत दिसू द्या. फाटकी असेल तर बोट मालाकडे जातं, नीट बसवली नसेल तर गॅरेजकडे. वॉरंटी कार्डावर किनारपट्टी वगळल्याचं कुठे लिहिलंय का, तेही वाचा. मग यंत्र अख्खं काढा. उघडू देऊ नका. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 च्या कलम 38 खाली आयोग सदोष वस्तू सीलबंद करून प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. आधीच खोललेलं यंत्र म्हणजे समोरच्या वकिलाला आयतं कोलीत.

नोटीस विक्रेता आणि गॅरेज दोघांनाही पाठवा, नाहीतर टोलवाटोलवीत वर्ष जाईल. दाद न मिळाल्यास तक्रार ओरोसच्या सिंधुदुर्ग जिल्हा ग्राहक आयोगात करा. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते, पुण्याला खेटे नकोत. तक्रारीचं कारण घडल्यापासून 2 वर्षांची मुदत आहे आणि ₹5 लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. व्हॉट्सॲपची संभाषणं जोडताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं प्रमाणपत्र लावा. किंमत, फिटिंगची मजुरी, त्रासाची माफक भरपाई मागा. दहा लाख मागणाऱ्यांच्या तक्रारीकडे बघण्याची नजरच बदलते, हे मी पाहिलंय.

आता तुम्ही न विचारलेलं. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी 2019 मध्ये हेच सांगितलंय. परवानगी नसलेले सुटे भाग बसवल्यास कलम 182अ(4) खाली दर बदलामागे ₹5,000 दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. तुमचा क्रूझ यात बसतोच असं मी म्हणत नाही, पण हा प्रश्न समोरून येणार. त्यामुळे दुसरा घेताना तुमच्या मॉडेलसाठी गाडीच्या कंपनीचीच ॲक्सेसरी मिळते का ते आधी पाहा, आणि फिटिंग त्यांच्याच सर्व्हिस सेंटरमध्ये, जॉब कार्डवर नोंद करून घ्या.

फोटो होईपर्यंत गाडी उभीच ठेवा. ब्रेकला सुटत नाही हे कळल्यावरही फिरवलीत आणि कुणाला धडक बसली, तर विक्रेत्याच्या आधी तुमचा निष्काळजीपणा मोजला जाईल.