बायझंटाईन मोझेकमधली माणसं सपाट का?

रोमन शिल्पकार इतके हुबेहूब पुतळे घडवायचे, मग बायझंटाईन मोझेकमधली माणसं अशी ताठ आणि सपाट का, कारागिरांचा हात गेला होता का, असं तुम्ही विचारलंय. (बायझंटाईन म्हणजे कॉन्स्टँटिनोपल राजधानी असलेलं पूर्व रोमन साम्राज्य, आणि मोझेक म्हणजे काचेचे किंवा दगडाचे रंगीत तुकडे जोडून केलेलं चित्र.) माझं उत्तर ठाम 'नाही' आहे. हात शाबूत होता, त्यांना दाखवायचं मात्र काहीतरी वेगळं होतं.

पुरावा इटलीतल्या राव्हेन्नात, एकाच आवारात मिळतो. गाल्ला प्लाचिडिया या रोमन सम्राज्ञीच्या नावाने ओळखली जाणारी छोटी समाधी पाचव्या शतकातली. तिच्या दारावरच्या मोझेकमध्ये येशू मेंढपाळ म्हणून खडकावर बसलाय. अंग वळलेलं, मेंढ्या गुबगुबीत, मागे निळं आकाश. तिथून काही पावलांवर सान व्हिताले हे चर्च आहे, ५४७ साली त्याचं पावित्र्यविधान झालं. तिथल्या मोझेकमध्ये बायझंटाईन सम्राट जस्टिनियन दरबाऱ्यांसह उभा आहे आणि आकाशाच्या जागी सोनं आलंय.

या चित्रातले पाय नीट बघा. बिशप मॅक्सिमियनचे पाय सम्राटाच्या पुढे आहेत, पण वर सम्राटाच्या हातातलं पात्र बिशपच्या अंगावरून पुढे येतं. मग पुढे कोण? माझ्या मते हे मुद्दाम मोकळं ठेवलंय, कारण राजसत्ता आणि धर्मसत्ता दोघांचाही मान राखायचा होता. शिवाय जस्टिनियन राव्हेन्नात कधी आलाच नव्हता. हा प्रसंग घडलेलाच नाही, त्यामुळे खरी जमीन, खरी सावली दाखवायचं कारणच नव्हतं. वेदीजवळ सम्राट कायमचा हजर आहे, एवढंच सांगायचं होतं.

सोन्याचंही तसंच. काचेच्या दोन थरांमध्ये सोन्याचा वर्ख घालून त्याचे नखाएवढे तुकडे करायचे आणि ओल्या गिलाव्यात किंचित तिरके दाबायचे. दिवे हलले, बघणारा चालला, की वेगवेगळे तुकडे चमकून उठतात. छापील फोटोत हे मरतं आणि उरतो तो सपाटपणा! मोझेकबद्दलचे बरेच गैरसमज फोटोंनीच केलेत, असं मला वाटतं.

वास्तूचा विचारही याला जोडूनच करावा लागतो. रोमन देवळात बळीची वेदी बाहेर असायची, लोक बाहेर जमायचे. ख्रिस्ती उपासनेला माणसं आत हवी होती, म्हणून ३१३ नंतर राजाश्रय मिळाल्यावर त्यांनी बॅसिलिका, म्हणजे रोमनांचं लांबट सभागृह उचललं. पुढे कॉन्स्टँटिनोपलच्या (आजचं इस्तंबूल) हागिया सोफिया या चर्चमध्ये (५३२ ते ५३७) अँथेमियस आणि इसिडोर या वास्तुरचनाकारांनी चौकोनावर गोल घुमट बसवला. चार कमानींच्या मधल्या कोपऱ्यांत वर रुंदावत जाणारे वक्र त्रिकोण बांधले, त्यांना पेंडेंटिव्ह म्हणतात. ते वर एकत्र येऊन वर्तुळ होतं. घुमटाच्या बुडाशी ४० खिडक्यांची माळ आहे. उजेड तिथून आत येतो तेव्हा सुमारे ३१ मीटर रुंदीचा घुमट तरंगतोय असं वाटतं. पहिला घुमट जास्तच चपटा होता. तो ५५८ साली कोसळला आणि नंतरचा अधिक उंच बांधला.

आता याच इमारतीतली ८६७ सालची मेरी, म्हणजे येशूची आई, बघा. बायझंटाईन साम्राज्यात धार्मिक प्रतिमांवर असलेली बंदी ८४३ मध्ये कायमची उठल्यानंतरचं हे मोझेक. तिच्या गालावरची छटा बारीक तुकड्यांनी इतकी अलगद उतरवलीय की चेहरा जिवंत वाटतो, आणि भोवती मात्र सगळं सोनंच आहे.