गाडीच्या वायरीचा जोड : सोल्डर की क्रिम्प?

आपण विचारले आहे की, गुहागरला गावी महिनोन्महिने उभ्या असलेल्या गाडीची हेडलाइटची वायर उंदरांनी कुरतडल्यावर ती पीळ देऊन, काळी टेप गुंडाळून जोडून घेतली. एक पावसाळा सरला आणि त्या बाजूचा दिवा मंद झाला. आता जोड सोल्डर करावा (वितळलेल्या धातूचा डाग द्यावा) की क्रिम्प (धातूची नळी तारांवर दाबून बसवावी)? मी रत्नागिरीत गाड्यांच्या वायरिंगची कामे करतो आणि माझे उत्तर क्रिम्प असे आहे. तथापि आपला जोड सोल्डर नव्हता म्हणून बिघडला नाही, तर त्यात खारी ओल शिरली म्हणून बिघडला, आणि ती ओल रोखली नाही तर उत्तम क्रिम्पचीही हीच गत होईल.

गाडीची वायर अनेक बारीक तारांची बनलेली असते. तारांमधल्या फटी दिव्याच्या वातीप्रमाणे पाणी ओढून घेतात, त्यामुळे एका टोकाला शिरलेली ओल आवरणाखालून बरीच आत जाते. काळ्या टेपचा गोंद इंजिनाजवळच्या उष्णतेने पातळ होऊन सरकतो, टेपची कड उचलली जाते आणि मग आपल्याकडची खारी हवा तांब्याला हिरवट-काळे करून टाकते. दाभोळ-धोपावे फेरीने रोज ये-जा करणाऱ्या किंवा मासळीची वाहतूक करणाऱ्या गाड्यांमध्ये हे फार लवकर दिसते.

या काळ्या थराने किती फरक पडतो ते पाहा. ५५ वॅटचा हॅलोजन बल्ब १२ व्होल्टला सुमारे साडेचार अँपिअर प्रवाह घेतो. जोडात केवळ पाव ओहम अडथळा निर्माण झाला, तरी तिथे सुमारे १.१ व्होल्ट खर्ची पडतात आणि जवळजवळ ५ वॅट उष्णता तयार होऊन जोड आणखी खराब होतो. हॅलोजनचे व्होल्टेज १० टक्क्यांनी घटले की उजेड सुमारे ३० टक्क्यांनी घटतो. घाटात रात्री उतरताना हे चांगलेच जाणवते.

सोल्डरबद्दल माझा आक्षेप दोन कारणांनी आहे. वितळलेले सोल्डर तारांमधून पुढे चढते आणि तेवढा भाग काठीसारखा ताठ होतो. इंजिनाच्या हादऱ्यांनी वायर नेमकी ताठ व लवचीक भागाच्या सीमेवर तुटते. दुसरे कारण माझ्याच चुकीतून शिकलो. कामाला नवीन असताना सोल्डर नीट धरत नाही म्हणून मी नवसागर वापरला होता. घरी भांड्यांना कल्हई करताना तोच वापरलेला पाहिला होता. भांडे नंतर धुतले जाते, वायर धुता येत नाही. मागे राहिलेल्या नवसागराने काही महिन्यांत तो जोड आतून हिरवा होऊन सुटला आणि गिऱ्हाईक परत आले. सोल्डर करावेच लागले तर राळ असलेलेच वापरावे आणि जोडाच्या दोन्ही बाजूंना वायर बांधून आधार द्यावा.

क्रिम्पमध्ये धातूची नळी तारांवर इतकी दाबली जाते की त्यांच्यात हवेलाही जागा उरत नाही. पण हे काम साध्या पकडीचे नाही. पूर्ण दाब बसल्याशिवाय न उघडणारे क्रिम्पिंग टूल घ्यावे. जोडनळ्यांचे रंग वायरीच्या जाडीनुसार ठरलेले असतात : लाल ०.५ ते १.५ चौरस मिलिमीटर, निळी १.५ ते २.५ आणि पिवळी ४ ते ६. सैल नळीत वायर दुमडून कोंबू नये. नळीवर ज्याच्या आतल्या बाजूला गोंद असतो असे हीट श्रिंकचे, म्हणजे तापवल्यावर आकसणारे, आवरण हवे. तापवल्यावर दोन्ही टोकांतून गोंद किंचित बाहेर आला की जोड बंद झाला असे समजावे. साधे, बिनगोंदाचे आवरण आपल्या हवेत टेपहून फारसे बरे नाही.

प्रत्यक्ष कामापूर्वी बॅटरीची ऋण बाजू सोडवा. जुना जोड कापून आतले तांबे चकचकीत दिसेपर्यंत मागे जा. काळी तार घासून पुन्हा वापरण्याचा मोह टाळा, कारण काळेपणा तारांच्या मधोमधही असतो. वायर तोकडी पडली तर त्याच जाडीचा, वाहनांसाठीचा तुकडा घाला. घरातली एकेरी जाड तार हादऱ्यांनी तुटते. शेजारशेजारच्या वायरींचे जोड एकाच ठिकाणी न आणता पुढेमागे ठेवा. क्रिम्प झाल्यावर वायर हाताने ओढून पाहा, आणि मगच आवरण तापवा. एअरबॅगच्या पिवळ्या वेष्टनातील वायरींना उंदीर लागले असतील, तर तिथे स्वतः हात घालू नका.

मल्टीमीटरचा (व्होल्टेज आणि जोडणी तपासायच्या मापकाचा) बीप वाजला म्हणून जोड चांगला मानू नये, कारण एकच तार शिल्लक असली तरी बीप वाजतो. बॅटरी पुन्हा जोडून दिवा लावा आणि जोडाच्या दोन बाजूंमधले व्होल्टेज मोजा, ते ०.१ व्होल्टच्या आत हवे. त्याच वेळी बल्बची अर्थची (प्रवाह बॉडीतून बॅटरीकडे परत नेणारी) पिन आणि बॅटरीचे ऋण टोक यांमध्येही मोजा. तिथे अर्धा-पाऊण व्होल्ट आढळला, तर दोष बॉडीवरच्या गंजलेल्या अर्थच्या बोल्टमध्येही आहे. तो सोडवून लग (वायरीच्या टोकाची धातूची कडी) आणि पत्रा उजळ होईपर्यंत घासा, दातेरी वॉशर घालून घट्ट आवळा आणि वरून ग्रीस लावा.