भीती वाटते म्हणजे विश्वास कमी, असं नाही

ख्रिस्ती विश्वासात नव्याने आलेल्यांना वाटतं, घाबरलो म्हणजे देवाला नाकारलं. तसं नाही. बायबलमधल्या 2 इतिहास या पुस्तकाचा 20वा अध्याय वाच. मोठं सैन्य चालून येतंय हे कळल्यावर यहोशाफाट राजा घाबरला, असं तिथे सरळ लिहिलंय. मग सगळ्या लोकांसमोर त्याने प्रार्थनेत कबूल केलं, की काय करावं सुचत नाही, पण आमचे डोळे तुझ्याकडे लागलेत. तू एवढंच म्हणालास तरी प्रार्थना पूर्ण झाली. गोड शब्द जुळवत बसू नकोस. स्तोत्र 13 तर ‘कोठवर?’ या तक्रारीनेच सुरू होतं.

आणि एलीया संदेष्ट्याला विसरू नकोस (1 राजे 19). तो मरण मागत झुडपाखाली निजला, तेव्हा देवदूताने उपदेश केला नाही. भाकर आणि पाणी दिलं, तेही दोनदा. म्हणून आधी नीट जेव, झोप. कर्ज, आजारपण, घरातली भांडणं सगळी एकदम देवापुढे मांडलीस तरी चालेल, पण हाताळायला आज एकच घे. मंडळीतल्या (चर्चमधल्या) एका भरवशाच्या माणसाला खरं काय ते सांग. डॉक्टरकडे जायची गरज असेल तर जा. ‘फक्त प्रार्थना कर’ म्हणणाऱ्यांचं या बाबतीत ऐकू नकोस.