हलका तारा आधी म्हातारा कसा झाला?

आंजनेरीच्या पायथ्याशी अलगोल हा जोडतारा पाहून आल्यावर तुम्ही विचारलंत: जड तारा लवकर म्हातारा होतो, मग या जोडीत सूर्याच्या ०.७ पट वस्तुमानाचा तारा फुगलेला आणि ३.२ पटीचा अजून तरुण, हे कसं? दोघं जन्मले तर एकाच वेळी.

आज हलका दिसतो तोच जन्मतः जड होता.

ब्रह्मगिरीची धार आठवा. एका अंगाचं पाणी गोदावरीला, दुसऱ्या अंगाचं वैतरणेला. जवळच्या जोडताऱ्यांमध्येही गुरुत्वाकर्षणाची अशी धार असते. प्रत्येकाच्या वाट्याच्या हद्दीला रोश लोब म्हणतात. म्हातारपणी तारा फुगून हद्दीला टेकला की मधल्या खिंडीतून त्याचा वायू जोडीदाराकडे वाहतो.

देणारा जड असेपर्यंत दोघांमधलं अंतर घटतं, हद्द आखडते, वायू आणखी जोरात सुटतो. वस्तुमानाचं पारडं फिरलं की अंतर वाढतं आणि ओघ मंदावतो. पहिला टप्पा झटपट उरकतो, दुसरा रेंगाळतो. म्हणून आपल्याला ‘उलट्या’ जोड्याच जास्त भेटतात. स्वरमंडल तारकासमूहातल्या शेलियाक या जोडताऱ्याचा आवर्तनकाळ १२.९ दिवसांचा, आणि तो दरवर्षी सुमारे १९ सेकंदांनी वाढतोय. वायूची देवाणघेवाण थेट घड्याळात दिसते! याहून सुंदर पुरावा मला माहीत नाही.

सूर्याच्या वीस-तीस पट ताऱ्यांत सुरुवात अशीच होते, पुढचं मात्र प्रचंड. हायड्रोजनचं पांघरूण गेलेला हेलियमचा गाभा उरतो. तो फुटला तर त्या सुपरनोव्हाच्या वर्णपटात हायड्रोजनच सापडत नाही. मागे न्यूट्रॉन तारा किंवा कृष्णविवर राहतं. मग जोडीदाराची फुगायची पाळी. एवढा वायू झेपला नाही तर कृष्णविवर त्याच्या आवरणातच बुडतं आणि फिरत फिरत आत घसरतं. आवरण उडून गेलं तर दोन अवशेष अगदी जवळ उरतात. १४ सप्टेंबर २०१५ ला लायगो या गुरुत्वलहरी टिपणाऱ्या वेधशाळेने टिपलेली ३६ आणि २९ सौरवस्तुमानांची कृष्णविवरं याच वाटेनं आली असावीत, अशी एक मांडणी आहे.

हे अपवादाचं बोलणं नाही. २०१२ च्या एका अभ्यासानुसार ओ वर्गाच्या, म्हणजे सर्वांत तप्त आणि जड ताऱ्यांपैकी ७० टक्क्यांहून अधिक ताऱ्यांचं आयुष्य जोडीदारामुळे बदलतं. एकट्या ताऱ्याची गोष्ट पाठ करून जड तारे कळणार नाहीत.

अलगोल पुन्हा पाहाच. मी डिसेंबरात गंगापूर रोडच्या गच्चीवर शाल, वही आणि चहाचा थर्मास घेऊन बसतो आणि दर अर्ध्या तासानं त्याची शेजारच्या ताऱ्यांशी तुलना लिहितो. फुगलेला तारा तेजस्वी जोडीदाराला झाकू लागला की २.१ प्रतीचा तारा पाचेक तासांत ३.४ पर्यंत उतरतो (प्रतीचा आकडा मोठा, तितका तारा मंद). आज रात्री अकराला तळ गाठला, तर तीन दिवसांनी आठच्या जरा आधी पुन्हा गाठेल.