पिवळ्या कार्डानंतरची पाच मिनिटं

खेळणाऱ्या मुलांचे आईवडील माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात तेव्हा एक प्रश्न हमखास येतो. पंचांनी चुकीचा निर्णय दिला, सामना हातचा गेला आणि तेव्हापासून मूल त्यातून बाहेरच येत नाही. समजावून थकलो. आता खेळ सोडतो म्हणतंय, सोडू द्यायचा का?

मागच्या हंगामात हाच प्रश्न घेऊन खडकीहून एक आई आली. लेक टी.वाय.बी.कॉम.ला, कॉलेजच्या मुलींच्या हॉकी संघाची कर्णधार. (तिच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) "मॅडम, तीन आठवडे झाले, स्टिक कपाटामागे पडलीय. पहाटे पाचला उठणारी पोरगी नऊ वाजले तरी तोंडावर पांघरूण घेऊन पडून असते. तिचे बाबा म्हणतात तक्रार करू, मी म्हणते विसर आता. ती आमच्या दोघांवरही चिडते."

मी आधी जेवण आणि झोपेची चौकशी केली. जेवण तुटलं असेल, रात्र रात्र झोप नसेल किंवा 'जगून काय करू' अशी भाषा असेल, तर वाट न बघता मानसोपचारतज्ज्ञांकडे जावं. रात्री-अपरात्री टेलिमानसच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावरही बोलता येतं. इथे तसं काही नव्हतं. मुलगी दुखावलेली होती आणि तिच्या घरात हॉकीला फार मोठी जागा होती. खडकी म्हणजे धनराज पिल्ले यांची खडकी. ऑर्डनन्स फॅक्टरीच्या वसाहतीत तुटक्या स्टिक बांधून खेळलेला मुलगा चार ऑलिंपिक खेळला, ही गोष्ट तिने बाबांकडून जेवताना कितीदा तरी ऐकलेली.

पहिल्या दोन भेटींत ती फक्त पंचांबद्दल बोलली. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेची उपांत्य फेरी, १-१ बरोबरी, चौथ्या क्वार्टरची शेवटची चार मिनिटं. समोरच्या फॉरवर्डने डीमध्ये, म्हणजे गोलसमोरच्या अर्धवर्तुळात, बॉल ढकलला, तो हिच्या स्टिकला लागून बाहेर गेला. पंचांना वाटलं पायाला लागला. तो फाउल म्हणून शिट्टी झाली, समोरच्या संघाला पेनल्टी कॉर्नर, म्हणजे गोलवर थेट चढाईची संधी, दिला गेला. हिने हात वर करून हुज्जत घातली, एकदा बजावलं तरी थांबली नाही. पिवळं कार्ड मिळालं. कॉर्नरवर गोल झाला आणि सामना २-१ ने गेला.

"स्टिकला लागला होता, मॅडम. मला हाताला जाणवलं ना."

"मग लागलाच असेल," मी म्हणाले.

ती माझ्याकडे बघतच राहिली. गेल्या तीन आठवड्यांत तिला हे कुणी म्हटलंच नव्हतं. आई म्हणत होती, विसर. सर म्हणत होते, पंचांचा निर्णय अंतिम. मावशीने पॅरिसचं उदाहरण दिलं होतं: २०२४ च्या ऑलिंपिकमध्ये अमित रोहिदासला लाल कार्ड मिळाल्यावर आपली मुलं ग्रेट ब्रिटनविरुद्ध जवळपास दोन तृतीयांश सामना दहा जणांत खेळली आणि बरोबरीनंतरच्या शूटआउटमध्ये जिंकली. बाबांनी बर्मिंगहॅमचं सांगितलं. २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ऑस्ट्रेलियाविरुद्ध उपांत्य सामन्याच्या शूटआउटमध्ये आपली गोलकीपर सविता पुनियाने पहिला प्रयत्न अडवला होता. पण प्रयत्नाची वेळ मोजणारं घड्याळ सुरूच झालं नव्हतं म्हणून तो पुन्हा घ्यायला लावला, त्यावर गोल झाला. पुढे आंतरराष्ट्रीय हॉकी महासंघाने माफी मागितली, निकाल मात्र तोच राहिला. दोन दिवसांनी आपल्या मुलींनी न्यूझीलंडला हरवून कांस्यपदक घेतलं.

उदाहरणं दोन्ही खरी. पण पॅरिसचं नाव काढलं की ती खोलीतून उठून जायची. का, ते मला तिसऱ्या भेटीत कळलं.

मी तिला कागदावर मैदान काढायला सांगितलं. बॉल कुठे, तू कुठे, पंच कुठे. तिने भराभर काढलं. बॉल आणि पंच यांच्या मध्ये तिने स्वतःच दोन खेळाडू दाखवल्या, तेव्हा हात जरा थबकला, पण ती काही बोलली नाही. मग मी म्हणाले, "आता कॉर्नर घेतला तेव्हाचं काढ."

तिने गोलरेषेवर पाच ठिपके दिले, गोलकीपर आणि चार जणी. पुढे धावून ड्रॅग फ्लिक, म्हणजे स्टिकने ओढत गोलकडे जोरात फेकलेला बॉल, अंगावर घेणारी पहिली रशर नेहमी हीच. तो ठिपका तिने हळूच काढला आणि त्याच्या शेजारी एफ.वाय. असं लिहिलं.

"आणि तू?"

मैदानाच्या रेघेबाहेर, टेबलाजवळ एक ठिपका. पिवळ्या कार्डाला किमान पाच मिनिटं बाहेर बसावं लागतं, इथे सामना त्याआधीच संपला. "गोल तिच्या डावीकडून गेला," ती म्हणाली आणि मग बराच वेळ रडली.

ती एफ.वाय.ची मुलगी म्हणजे हिनेच आणलेली. आदल्या जूनमध्ये सरांबरोबर ही तिच्या घरी गेली होती. बारावीनंतर चांगल्या खेळाडू मुलींसाठी कॉलेजांमध्ये चढाओढ असते, कुणी फी भरतं, कुणी किट देतं. त्या घरच्या आईला मुलीने खेळाच्या नादी लागू नये असं वाटत होतं. हिने सांगितलं, "काकू, मी आहे ना. धाकट्या बहिणीसारखी सांभाळीन." तेवढ्या शब्दावर मुलगी आली. माझ्या मनात याबद्दल राग आहे आणि तो मी सरांनाही बोलून दाखवला. सतरा-अठरा वर्षांची मुलगी बुटांकडे बघून कॉलेज ठरवत नाही, ती पुढे खेळणाऱ्या ताईकडे बघून ठरवते. तो शब्द द्यायचं काम आपण वीस वर्षांच्या कर्णधारावर टाकतो. मग शब्द मोडला असं तिला वाटलं, तर तिच्या पाठीशी कोण उभं राहतं?

आता सर तिला पुढच्या निवड चाचणीसाठी शाळांमध्ये चल म्हणत होते. आईला वाटत होतं मुलगी पंचांमुळे हॉकी सोडते आहे. मुलगी मला म्हणाली, "कोणत्या तोंडाने दुसऱ्या पोरींना या म्हणू?" आणि पॅरिसबद्दल: "ते दहा जण तेवढा वेळ टिकले. माझ्या पोरी चार मिनिटं नाही टिकल्या, कारण मी तोंड आवरलं नाही." समजुतीसाठी सांगितलेली गोष्ट तिच्या कानावर अशी पडत होती.

पंचांवरचा राग खरा होता, त्याला कारणही होतं. पण त्या रागाला धरून राहिलं की रेघेबाहेरच्या ठिपक्याकडे बघावं लागत नव्हतं. आधी मीच 'पंचांचं सोड' म्हणाले असते तर ती तिथवर आलीच नसती.

बाबांच्या मोबाइलमध्ये त्या निर्णयाचा अकरा सेकंदांचा व्हिडिओ होता आणि घरात येणाऱ्या प्रत्येकाला तो दाखवला जायचा. गॅलरीतून काढलेला, बॉल नेमका मुलींच्या पायांआड. मी त्यांना एकटं बोलावून विनंती केली की तो पेनड्राइव्हवर टाकून ठेवा, घरात लावू नका. ते दुखावले, म्हणाले, मी तिच्या बाजूनेच तर आहे. त्यांची माया मला दिसत होती. पण रोज संध्याकाळी तिला त्याच अकरा सेकंदांत परत उभं केलं जात होतं.

मग सरांशी बोलून मी एक गोष्ट करवून घेतली. रविवारी सकाळी मैदानावर चौदा वर्षांखालच्या मुलींचा सराव सामना होता, तिथे हिच्या हातात शिट्टी दिली. हॉकीत दोन पंच असतात आणि प्रत्येकाकडे प्रामुख्याने अर्धं मैदान असतं. ती चौथ्या भेटीला आली ती बोलतच आली. "डीमध्ये सहा-सात जणी घुसल्या की बॉल दिसतच नाही, मॅडम. मी एक कॉर्नर दिला, आणि शिट्टी वाजवल्यावर कळलं, पाय नव्हता, स्टिक होती."

"मग?"

"दिला तो दिला. त्या चिमुरडीने माझ्याकडे असं बघितलं ना..." थोड्या वेळाने म्हणाली, "तरी आमचे पंच चुकलेच."

"हो, चुकले."

एफ.वाय.च्या मुलीला भेटायला तिला आणखी दहा दिवस लागले. काय बोलायचं ते आम्ही माझ्या खोलीत दोनदा बोलून पाहिलं, दोन्ही वेळा ती अर्ध्यावर थांबली. शेवटी नेहरूनगरच्या मेजर ध्यानचंद स्टेडियमवर एक सामना बघायला दोघी बरोबर गेल्या आणि तिथल्या पायऱ्यांवर बोलल्या. हिने सांगितलं, "मी असते तर बॉल अडला असता की नाही, माहीत नाही. पण तिथे मी असायला हवं होतं. माझं चुकलं."

धाकटी म्हणाली, "ताई, मला वाटलं माझ्यामुळे गोल झाला म्हणून तू मैदानावर येत नाहीस."

इतके आठवडे त्या मुलीने हे एकटीने बाळगलं होतं. आईवडिलांना मी हे मुद्दाम सांगते, कारण आपण सगळे आपल्या मुलाच्या दुःखाभोवती गोळा होतो आणि त्याच संघातलं दुसरं एखादं मूल गप्प राहिलेलं कुणाच्या लक्षात येत नाही. शक्य असेल तर विचारा: त्या सामन्यात तुझ्या शेजारी कोण होतं, ती आता कशी आहे?

खेळ सोडू द्यायचा का, या प्रश्नाचं उत्तर मी त्या आईला दिलं नाही. एवढंच म्हणाले की या महिन्यात काहीच ठरवू नका. एम.कॉम.ला प्रवेश घेऊन आणखी खेळायचं की नाही, हे मुलीने अजून ठरवलेलं नाही. जूनमध्ये ती सरांबरोबर दोन शाळांत जाऊन आली. एका घरी मुलीच्या आईने विचारलं, "हिला काही झालं तर तू आहेस ना?" ती म्हणाली, "काकू, मैदानात मी असेनच असं नाही. पण खेळ झाल्यावर तिला फोन नक्की करीन."