यील्ड १०० च्या वर आला तर आधी प्रॉडक्ट सुकव

अरे, ॲस्पिरिन बनवायच्या प्रॅक्टिकलमध्ये तुझा यील्ड, म्हणजे अपेक्षित वजनाच्या किती टक्के प्रॉडक्ट मिळालं तो आकडा, १११ टक्के आला म्हणून फॉर्म्युला परत परत तपासू नकोस, फॉर्म्युला सोपाच आहे, मिळालेलं वजन भागिले थिअरेटिकल वजन (हिशोबाने जास्तीत जास्त मिळू शकेल तेवढं) गुणिले १००. तुझी गडबड वजनात आहे. २ ग्रॅम सॅलिसिलिक ॲसिड घेतलंस, त्याला १३८ ने, म्हणजे त्याच्या एका मोलच्या ग्रॅममधल्या वजनाने भाग, ०.०१४५ मोल आले. ॲसिटिक ॲनहायड्राइड ५ मिली म्हणजे साधारण ५.४ ग्रॅम, भागिले १०२, हे झाले ०.०५३ मोल, म्हणजे ते भरपूर जास्त आहे आणि आधी संपणार सॅलिसिलिकच, हिशोब त्याच्यावरूनच करायचा. १:१ रिॲक्शन आहे, म्हणजे एका मोल सॅलिसिलिकपासून एक मोल ॲस्पिरिन, मग ०.०१४५ गुणिले ॲस्पिरिनचे १८०, म्हणजे २.६१ ग्रॅम. याच्यापेक्षा जास्त ॲस्पिरिन निघूच शकत नाही आणि तू २.९ लिहिलंयस!

ते जास्तीचं वजन पाण्याचं आहे बाबा. जुलैत मुंबईत टॉवेल वाळत नाही तिथे फिल्टर पेपरवरचे क्रिस्टल अर्ध्या तासात कुठून वाळणार? डेसिकेटरमध्ये (ओलावा शोषून घेणारं बंद भांडं) ठेव, वजन कर, परत ठेव, परत कर, आकडा बदलायचा थांबला की तोच लिही. आणि कोऱ्या पेपरचं वजन आधी केलं होतंस ना, बरेच जण तेच विसरतात. समजा सुकून २.१ ग्रॅम भरलं तर यील्ड ८० टक्के, मस्तच आहे की.

धुताना बर्फाचं पाणी वापर, तेही थोडंच, नाहीतर प्रॉडक्ट विरघळून सिंकमध्ये जातं. शेवटी फेरिक क्लोराइडचा थेंब टाकून बघ, जांभळा रंग आला तर सॅलिसिलिक उरलंय, मग तो यील्डही पूर्ण खरा नाही.