वडील नुकतेच गेलेत, गणपतीला गावी जावं का?

तुम्ही लिहिलंय की वडिलांना जाऊन दोन महिने झाले, घरचे सगळे गणपतीला गावी चाललेत आणि तिथे हसऱ्या चेहऱ्याने वावरणं तुम्हाला जमणार नाही, मग जावं की मुंबईतच थांबावं. माझं मत, जा. आणि हसऱ्या चेहऱ्याचं बंधन कोणी घातलंय?

आमचं गाव देवगड तालुक्यात. बाबा आषाढात गेले, लगेच भाद्रपदात गणपती. घर सामायिक, गणपती एकच, त्यामुळे भावकीने आधीच ठरवलं की यंदा अकरा दिवस नकोत, गौरीबरोबर पाठवायचा, माटवी, म्हणजे गणपतीच्या वर बांधायची सजावटीची लाकडी चौकट, साधी, भजन नाही. ह्याला माझी हरकत नव्हती, वर्षाच्या आत बरीच घरं असं पाळतात. पण अख्ख्या घरात बाबांचं नाव कोणी काढेना. माटवीच्या चौकटीला त्यांनी आदल्या वर्षी मारलेल्या सुंभाच्या गाठी तशाच होत्या, भाऊ त्या कोयतीने कापायला लागला तर हात थांबले त्याचे, सगळ्यांनी बघितलं आणि काकी म्हणाली चहा टाकू का. मी रडले तर काका म्हणाले, "सणाच्या घरात रडूचा नसता." का नसता? ज्याने इतकी वर्षं कवंडळं, हरणं, शेरवडं अशी रानफळं-रानफुलं रानातून आणून बांधली त्याच्यासाठी त्याच माटवीखाली रडायचं नाही तर कुठे रडायचं?

शेवटी आरतीला वाडीतले एक आजोबा आले, झांजा हातात घेऊन मोठ्याने म्हणाले, "तुझो बापूस आरती इतकी सावकाश म्हणूक देऊचो नाय!" आई हसली आणि हसता हसता रडायला लागली, मग सगळेच रडलो, आणि त्या रात्री पहिल्यांदा आई नीट जेवली. म्हणून सांगते, गेलात की तुम्हीच पहिलं नाव काढा, बाकीचे वाटच बघत असतात.

आता गौरीचं. आमच्याकडे तेरड्याची गौर, ती आणायची, भाजी-भाकरीचा नैवेद्य, सगळं लग्न होऊन आली तेव्हापासून आईच बघायची. त्या वर्षी काका म्हणाले, वहिनीला आत बसू दे, सवाष्णी करतील. म्हणजे अळू तिने चिरायचं, भाकऱ्या तिने थापायच्या आणि गौरीसमोर यायचं नाही! मी आईचा हात धरून बाहेर आणलं, आरतीचं ताट तिच्या हातात दिलं. काका पडवीत जाऊन बसले आणि आजही म्हणतात पोरीने रीत मोडली, लग्न झालेल्या मुलीने माहेरी बोलू नये. नवरा गेल्याचं दुःख कमी होतं म्हणून वर ही शिक्षा? कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीने 2022 मध्ये विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला, राज्य सरकारने इतर गावांनाही तोच कित्ता गिरवायला सांगितलं. एक गाव ठराव करू शकतं तर एक घर का नाही करू शकत? माझ्या बाबांनी हे कधीच चालू दिलं नसतं, आणि काकांना हे माझ्याइतकंच माहीत आहे.

असो, मुद्दा तुमचा होता. प्रत्येक घराची रीत वेगळी, तुमच्याकडे यंदा गणपतीच आणत नसतील तर त्यावरून भांडू नका. गर्दी सोसवत नसेल तर आरतीपुरतं बाहेर या, बाकी वेळ मागच्या पडवीत बसा, कोणाला काही वाटत नाही, वाटलं तर वाटू दे. आणि झोप, जेवण बरेच दिवस सुटलेलं असेल तर गावी जाण्याआधी डॉक्टरांशी बोला, मनाच्या त्रासासाठी सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे 14416, मराठीतही बोलतात.

आई असेल ना सोबत? तिला गौरीच्या दिवशी कुठे बसवतायत तेवढं बघा, बाकी काही नाही जमलं तरी चालेल.